सोललेला अंगठा

आमच्या शेजारणीचा नवरा बास नावाचे गोड्या पाण्यातले मासे पकडण्याच्या स्पर्धा खेळतो. त्याचा दिवस कसा गेला हे तिला विचारावं लागत नाही. तो दारात आला की ती त्याचा उजवा अंगठा बघते. बास माशाला चावून तुकडा पाडणारे दात नसतात, पण जबड्याच्या कडेला कानशीसारखी बारीक खरखर असते. मासा पाण्यातून उचलायचा तो खालच्या ओठात अंगठा घालून. तसा धरला की तो शांत राहतो. दिवसभरात असे वीस-पंचवीस मासे धरले की अंगठ्याची कातडी सोलून निघते, पांढरी पडते, पाणी लागलं तरी चुरचुरते. ती चुरचुर म्हणजे चांगला दिवस. अंगठा गुळगुळीत दिसला की ती आधी ताट वाढते आणि मुलीला खुणेने गप्प करते.

मी सांगलीची. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला येऊन आता एकोणीस वर्षं झाली. आल्यावर पहिली काही वर्षं रस्त्यावर ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या त्या चकचकीत, लांबोडक्या बोटी बघून मला वाटायचं, लोक सुट्टीला चाललेत. त्यातल्या काही बोटींवर एका कुटुंबाचं सगळं पोट अवलंबून असतं हे कळायला शेजार लागला.

खेळ सांगायला सोपा आहे. सकाळी उजाडताना सगळ्या बोटी एकामागून एक सुटतात. दुपारी ठरल्या वेळेला परत यायचं. उशीर झाला तर मिनिटाला एक पौंड वजन कापतात. दिवसभरात कितीही मासे पकडा, वजनाला पाचच न्यायचे. बोटीतच पाण्याची टाकी असते, तिच्यात मासे जिवंत ठेवायचे. सहावा लागला आणि तो टाकीतल्या सगळ्यात लहान माशापेक्षा मोठा असला की लहान सोडायचा, मोठा ठेवायचा. संध्याकाळी मंचावर वजन होतं आणि मासे पुन्हा पाण्यात जातात. वजनाला आणलेला मासा मेलेला निघाला तर त्यामागे चार औंस दंड. आपल्या मापात हे चार औंस म्हणजे शंभर ग्रॅमच्या थोडे वर.

हे सगळं उभं केलं ते इथल्याच, माँटगोमेरीच्या, एका विमा एजंटाने. रे स्कॉट त्याचं नाव. १९६७च्या जूनमध्ये त्याने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली स्पर्धा भरवली. शंभर डॉलर भरून १०६ जण आले. पुढच्या वर्षी त्याने बास पकडणाऱ्यांची संघटना काढली आणि १९७१मध्ये ‘बासमास्टर क्लासिक’ सुरू केली. त्या पहिल्या क्लासिकला निवडलेल्या २४ जणांना विमानात बसवलं आणि कुठल्या तळ्यावर जायचंय हे विमान हवेत गेल्यावर सांगितलं. नेवाडातलं लेक मीड. बॉबी मरे नावाच्या माणसाने १० हजार डॉलर जिंकले. इथले जुने लोक ही गोष्ट फार रंगवून सांगतात. मी ऐकते तेव्हा दरवेळी मनात येतं, ते चोवीस जण घरून निघताना काय सांगून निघाले असतील? ‘कुठे चाललोय ते माहीत नाही, तीन-चार दिवसांत येतो’?

क्लासिक म्हणजे तीन दिवसांचा मामला. तिचा झगमगाट मोठा, बक्षीसही मोठं. पण या लोकांच्या घरी ज्या गोष्टीने वर्षभर झोप उडते ती वेगळी: वर्षातला सर्वोत्तम अँगलर, म्हणजे गळाने मासे पकडणारा, कोण, याची शर्यत. एलिट ही त्या संघटनेची सगळ्यात वरची मालिका, तिच्यात शंभरेक जण असतात. फेब्रुवारीच्या सुमाराला सुरुवात होते आणि उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत वेगवेगळ्या राज्यांतल्या नद्या-तळ्यांवर आठ-नऊ स्पर्धा होतात. प्रत्येक स्पर्धेत पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ९९, तिसऱ्याला ९८, असं खाली खाली. म्हणजे एक जागा, एक गुण. फ्लोरिडात फेब्रुवारीत निसटलेला एक मासा ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या उत्तर टोकाला, सेंट लॉरेन्स नदीवर, हिशेबाला उभा राहतो. घरच्यांना तो मासा पाठ असतो. कुठल्या झाडाखाली, किती वाजता, दोरा कसा तुटला, सगळं.

आणि हे सगळं स्वतःच्या पैशाने. इथे संघ नाही, पगार नाही. एलिटमध्ये खेळायचं तर वर्षाची प्रवेश फीच चाळीस हजार डॉलरच्या आसपास जाते. वर बोट, ट्रक, इंधन, राहणं. प्रायोजक मिळाले तर त्यांचे शिक्के अंगावरच्या जर्सीपासून बोटीच्या बुडापर्यंत लागतात आणि ते टिकवण्यासाठी निकाल लागतात. वर्षाच्या शर्यतीचं बक्षीस एक लाख डॉलर आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण ते एकालाच मिळतं. यादीतल्या साठाव्या माणसाच्या घरी त्या वर्षी काय चाललं असेल ते कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. मला या खेळाबद्दल खूप माया आहे, पण ही रचना मला कठोर वाटते आणि तसं मी शेजारणीच्या तोंडावरही म्हटलं आहे. ती म्हणाली, ‘शेतीसारखंच आहे. बियाणं आधी विकत घ्यायचं.’ तिचे आईवडील कापूस लावायचे.

यादीत नाव एकाचंच असतं. फी मात्र घराने भरलेली असते.

जवळून बघायच्या आधी मला वाटायचं, बायका सोबत जातात त्या आधार द्यायला. मग शेजारणीचा दिवस बघितला. प्रायोजकांचे करार ती वाचते, बिलं ती पाठवते, पुढच्या तळ्याजवळ गाडी उभी करायची जागा सहा महिने आधी ती पकडते. त्यांचं चाकांवरचं घर ती स्वतः चालवते, कारण तो पुढे ट्रकने बोट ओढत असतो. मुलीची शाळा त्याच गाडीतल्या घडीच्या टेबलावर चालते. अशी बरीच कुटुंबं एकमेकांच्या शेजारी गाड्या लावून राहतात. मुलं एकत्र सायकली फिरवतात आणि त्यांचे बाप सकाळी एकाच तळ्यावर एकमेकांना मागे टाकायला निघतात. संध्याकाळी एकाच शेगडीवर मांस भाजलं जातं. ज्याचा दिवस बिघडला त्याच्या घरच्यांशी काय बोलायचं आणि काय नाही, हे तिथल्या लहान पोरांनाही कळतं. काही घरांत तर स्पर्धा जेवणाच्या टेबलावरच असते. कॅनडाचे ख्रिस आणि कोरी जॉन्स्टन हे सख्खे भाऊ एकाच मालिकेत उतरतात. २०२४मध्ये ख्रिस वर्षाचा सर्वोत्तम ठरला, कॅनडाचा पहिलाच. एकाच यादीत दोन मुलगे असलेल्या आईने यादी वरून वाचायची की खालून?

वाट बघण्याचे दोन प्रकार मला कळले. एलिट मालिकेत प्रत्येक बोटीत एक मार्शल बसतो आणि मासा लागला की अंदाजे वजन नोंदवतो. ते लगेच सगळ्यांना फोनवर दिसतं. म्हणजे घरी बसलेल्या बायकोला सगळ्यांचे आकडे माहीत असतात आणि पाण्यावरच्या नवऱ्याला फक्त स्वतःचे. साडेअकरा वाजता तिला कळतं की मागच्यांनी मोठे मासे काढले आणि आपला माणूस नवव्या जागेवरून चौदाव्यावर गेला. ती काहीही करू शकत नाही. आणि तो आकडाही अंदाजाचाच. कोणी हातचं राखून सांगतो, कोणी चढवून, त्यामुळे काट्यावर वजन होईपर्यंत त्यावर विसंबता येत नाही. पण बघितल्याशिवाय राहवतही नाही. दुसरा प्रकार शेजारणीचा. तिचा नवरा एलिटच्या एक पायरी खालच्या ‘ओपन्स’मध्ये खेळतो. तिथल्या वर्षभराच्या यादीत जे मोजके वर राहतात त्यांना एलिटचं दार उघडतं. तो पाण्यावर असताना ती फोन पालथा घालून ठेवते. त्याला कुठलाही आकडा सांगायचा नाही आणि आपणही शोधायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. सकाळी सहाला बोट सुटली की दुपारी तीनपर्यंत काही नाही. ती कपडे धुते, भाजी चिरते, एकच कप दिवसभर वापरते. कप बदलत नाही.

तो कप बघून मला आमचं सांगलीचं घर आठवलं. २५ जून १९८३ची रात्र. विश्वचषकाचा अंतिम सामना, रेडिओ कोनाड्यात. धाकटा काका पानाला चुना आणायला उठला आणि उंबऱ्यावर पोचला तोच मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा झेल गेला. कपिलने धावत जाऊन घेतलेला तो झेल आम्ही बघितला नाही, नुसता ऐकला. बाबांनी काकाला तिथेच उभं केलं. ‘हलायचं नाही. एक पाय आत, एक बाहेर, तसाच राहा.’ शेवटची विकेट पडेपर्यंत काका उंबऱ्यावर होता. आजीने त्याला तिथेच पाणी नेऊन दिलं. मी सात वर्षांची होते आणि काकामुळेच आपण जिंकलो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आजही फारशी नाही. माणसाच्या हातात काही नसतं तेव्हा तो निदान आपलं शरीर तरी जागच्या जागी ठेवतो.

शेजारणीकडूनच मला ॲरन मार्टेन्सची गोष्ट कळली. तो राहायचा लीड्सला, आमच्याकडून अर्ध्या तासावर. मूळचा कॅलिफोर्नियाचा. तिथे जोडीच्या स्पर्धांत त्याची जोडीदार होती त्याची आई. मायलेक एका बोटीत बसून पुरुषांच्या जोड्यांना हरवायचे. मला या सगळ्या खेळात याहून सुंदर चित्र माहीत नाही. आपल्याकडे आया पोरांना पाण्याजवळ जाऊ नको म्हणतात. ही पोराबरोबर पहाटे बोटीत बसली.

क्लासिकने मात्र त्याला आयुष्यभर हुलकावणी दिली. चार वेळा दुसरा. २००२मध्ये तर इथेच, बर्मिंगहॅमजवळच्या ले लेकवर. २००४मध्ये उत्तर कॅरोलायनात, जपानहून आलेल्या ताकाहिरो ओमोरीने शेवटच्या काही मिनिटांत मासे काढून त्याला मागे टाकलं. २००५मध्ये पिट्सबर्गला नद्यांनी सगळ्यांचाच अंत पाहिला. तीन दिवसांत केव्हिन व्हॅनडॅमचे एकूण १२ पौंड १५ औंस, मार्टेन्सचे १२ पौंड ९ औंस. सहा औंस. ओट्यावरचा एक बरा कांदा उचलून बघावा, तेवढं ते वजन. २०११मध्ये लुइझियानात पुन्हा व्हॅनडॅम पहिला, पुन्हा हा दुसरा. चारही वेळा घरचे तिथे होते की नव्हते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणीतरी केलाच असणार आणि त्या वेळी काय बोलणं झालं असेल, हे माझ्या मनात घोळत राहतं.

पण वर्षाची लांब शर्यत त्याने तीनदा जिंकली: २००५, २०१३ आणि २०१५. २०१३ची तर डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरवर, शेवटच्या स्पर्धेत. त्या स्पर्धेला सगळे गेले तेव्हा यादीत सगळ्यात वर ओक्लाहोमाचा एडविन एव्हर्स होता. वर्षभर मेहनत करून तो वर बसला होता आणि शेवटच्या तळ्याने त्याचं आसन काढून घेतलं. लीड्समध्ये त्या रात्री आनंद झाला असेल. मला त्या शर्यतीचा विचार करताना ओक्लाहोमाला परतणारी गाडी दिसते. एवढा लांबचा रस्ता. मागच्या सीटवर मुलं झोपलेली, पुढे दोघं, आणि प्रत्येकाच्या मनात कुठल्या तरी आधीच्या तळ्यावरचा एखादाच मासा. एव्हर्सला तीन वर्षांनी, २०१६मध्ये, स्वतःच्याच राज्यातल्या ग्रँड लेकवर क्लासिक मिळाली. पहिले दोन दिवस पुढे असलेल्या जेसन ख्रिस्टीला शेवटच्या दिवशी २९ पौंड ३ औंस आणून त्याने मागे टाकलं. ख्रिस्टीही ओक्लाहोमाचाच. म्हणजे एका घरचं दुःख दुसऱ्या घरी गेलं, फक्त राज्य तेच राहिलं.

मार्टेन्सला २०२०च्या एप्रिलमध्ये पाण्यावर असतानाच फिटचा झटका आला. मेंदूत गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली आणि तो त्याच वर्षी पुन्हा स्पर्धेच्या पाण्यात उतरला. ४ नोव्हेंबर २०२१ला तो गेला. ४९ वर्षांचा होता. शेजारणीने त्या दिवशी दारातला दिवा रात्रभर चालू ठेवला. ती त्याला दोन-तीनदाच भेटली होती. तिने सांगितलं, एकदा वजन झाल्यावर तो मासे सोडायला स्वतः खाली पाण्याशी गेला आणि शेवटचा मासा पोहायला लागेपर्यंत गुडघ्यावर बसून राहिला.

गेल्या वर्षी शेवटच्या स्पर्धेला मी तिच्याबरोबर गेले. टेनेसीतलं तळं, शुक्रवार, दुसरा दिवस. पहिले दहा जण शनिवारी पुन्हा उतरतात, बाकीच्यांचा हिशेब शुक्रवारीच बंद. अकरा वर्षांच्या लेकीने शाळेच्या वहीत गणित मांडलं होतं: बाबा अमुक जागेवर आला तर इतके गुण, समोरचा तमुक जागेवर गेला तर इतके. पानभर आकडे, नीट रेघा मारून. तिच्या हिशेबाप्रमाणे शेवट कसाही झाला तरी एलिटच्या दाराशी दोघा-तिघांचीच गर्दी होती आणि बाबा त्यांत होता.

धक्क्यावर बायकांची एक रांग असते. कोणी सांगून लावलेली नाही. बोटी येताना दिसल्या की सगळ्या जणी एकाच वेळी बोलायच्या थांबतात. मी विचारलं, लांबून काय कळतं? शेजारीण म्हणाली, ‘तो वळणावर टोपी सरळ करतो का ते बघ.’ त्याने टोपीला हात लावला नाही. दोन्ही हात चाकावर.

मासे पिशवीतून नेतात. पाणी भरलेली जाड पिशवी, आत जाळीची दुसरी. मंचाकडे जाणाऱ्या रांगेत माणसं ती पिशवी उचलून उभी असतात आणि मधूनमधून खाली वाकून ताज्या पाण्याच्या हौदात धरतात, मासे गुदमरू नयेत म्हणून. बुटांवर पाणी ठिबकत असतं. त्याच्या पुढे तिघं होते. तो एकसारखा पिशवीत बघत होता आणि एका माशाला आतल्या आत हाताने सरळ करत होता. सरळ केला की तो पुन्हा आडवा होत होता. शेजारणीने ते माझ्या आधी बघितलं. तिने काही म्हटलं नाही, फक्त माझ्या मनगटाला धरलं.

एक मासा मेला होता. चार औंस गेले.

निकालाची यादी लागली तेव्हा लेक वही घेऊन पुढे गेली आणि उभ्या उभ्या बेरीज करून आली. त्या चार औंसांच्या आत किती जण बसले होते ते तिने मोजलं होतं. ‘तीन,’ ती म्हणाली. वर जायला हव्या होत्या चार जागा. म्हणजे तो मासा जगला असता तरी एक जागा कमीच पडली असती. मला त्या क्षणी हे बरं वाटलं, निदान दोष एका माशाचा नाही म्हणून. शेजारणीला तसं वाटलं नसावं. ती यादीकडे पाठ करून ट्रककडे चालायला लागली होती.

तो बोट पाण्यातून काढून आला, ओली पिशवी मागच्या फळीवर पसरली आणि तिच्यासमोर उभा राहिला. काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं. तिने त्याच्या हातातून किल्ल्या घ्यायला हात पुढे केला आणि किल्ल्यांबरोबर त्याचा अंगठा धरला, वळवून उजेडात बघितला. पार सोललेला होता, लालभडक, एका ठिकाणी रक्त निघून वाळलेलं. दिवसभर मासे लागत होते. एकामागून एक, कितीतरी. सगळे लहान.

‘किती?’ तिने विचारलं.

‘तीसनंतर मोजणं सोडलं,’ तो म्हणाला.

तिने खिशातून मलमाची डबी काढली. पहिले दोन तास गाडी ती चालवणार होती.